साडेदहा पै

दादाभाई नवरोजींची आणि माझी पहिली ओळख झाली ती एका भागाकारात.

बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यात बीबी हे माझे गाव. लोणारचे सरोवर पाहावयास दूरदूरची माणसे येतात. पण बीबी ज्यांच्या वाटेवर लागते, त्यांनाही ती चहापुरतीच लागते. अशा आमच्या गावी ब्रिटिश पार्लमेंटचा एक सभासद येऊन पोचला, तो गुरुजींच्या खडूबरोबर.

ही गोष्ट १९९० नंतरच्या चार-दोन वर्षांतली. एके दिवशी अंकगणिताच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर २० हा आकडा लिहिला आणि म्हणाले, "एका माणसाची वर्षाची मिळकत वीस रुपये. दिवसाला किती पडली?" आम्ही हसू लागलो. वीस रुपयांत वर्ष कोण काढणार? गुरुजी हसले नाहीत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, हा आम्हांला अगदी अनोळखी असलेला हिशेब त्यांनी आधी समजावून दिला आणि मग भागाकार करावयास लावला. ३८४० भागिले ३६५. उत्तर आले, साडेदहा पै. आणाही पुरता नाही.

"हा हिशेब कोणी मांडला?" गुरुजींनी विचारले आणि उत्तरही त्यांनीच दिले, "एका मास्तरानं! अन् तोच हिशेब घेऊन तो मास्तर विलायतेच्या पार्लमेंटात जाऊन बसला."

'मास्तर' हा शब्द उच्चारताना गुरुजींची मान किंचित ताठ झाली, ती मला अजून दिसते.

पुढे एम. ए. झालो, शहरात कॉलेजात मराठी शिकवू लागलो, आणि चार पुस्तके चाळल्यावर ध्यानात आले की, दादाभाई काही नुसते मास्तर नव्हते. मुंबईच्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५४ साली ते गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांचे प्राध्यापक झाले. तेथे हे पद मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. मला मोठा आनंद झाला. गुरुजींची चूक सापडल्याचा आनंद प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी होतोच. आणि दादाभाई मास्तर नसून आपल्यासारखे प्राध्यापक, हाही एक छुपा आनंद त्यात होता.

पण तो फार दिवस टिकला नाही. १८४९ मध्ये मुंबईच्या तरुणांनी मुलींच्या शाळा काढल्या, त्यांत दादाभाई पुढे होते. त्या काळी मुलीला शाळेत धाडणे म्हणजे घराण्याला बट्टा. ही मंडळी घरोघर जाऊन आईबापांची मनधरणी करीत, आणि सकाळी आपापल्या कामाला लागण्यापूर्वी या मुलींना शिकवीत. पगार नाही, काही नाही. म्हणजे दिवसा प्राध्यापक असला तरी सकाळी हा माणूस मास्तरच होता. गुरुजींचे काही चुकले नव्हते.

हे सारे कशासाठी? याचे उत्तर दादाभाईंनी उतारवयात आपल्या आठवणींत देऊन ठेवले आहे. ते चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंनी त्यांना वाढविले. शाळेला फी नव्हती, म्हणून ते शिकले. फी असती तर आईला ती झेपली नसती, हे त्यांनीच सांगितले आहे. पुढे एक विचार त्यांच्या मनात आला तो असा की, आपले शिक्षण फुकट झाले खरे, पण त्याचा पैसा कोणीतरी भरला आहे. आणि तो भरणारे लोक आपल्यासारखेच गरीब आहेत. तेव्हा आपण त्यांचे देणे लागतो. पुष्कळांच्या मनात असा विचार येतो आणि चहाबरोबर संपतो. यांच्या मनात तो जन्मभर राहिला.

१८५५ साली ते एका पारशी पेढीचे भागीदार म्हणून लंडनला गेले. व्यापार केला, तेथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापकही झाले. पण डोक्यात घोळत होता तो हिशेब. सरकारचीच कागदपत्रे घेऊन, प्रांताप्रांतांतले पीक किती, त्याचा भाव काय, खाणारी तोंडे किती, असे मांडीत मांडीत त्यांनी १८६७ ते १८७० या काळासाठी माणशी वर्षाला २० रुपयांचा आकडा काढला. १८७६ मध्ये हिंदुस्थानच्या दारिद्र्यावरील निबंधात तो लोकांपुढे ठेवला आणि शेजारी दुसरा हिशेब मांडला, तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राचा. मोकळ्या माणसाच्या वाट्याला कैद्याइतकेही येत नव्हते!

आमच्या वऱ्हाडचा कापूस खामगावच्या बाजारातून आगगाडीने मुंबईला आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना जाई. माल गेला की मोबदला यावा, ही व्यापाराची साधी रीत. पण विलायतेतल्या साहेबांच्या पेन्शनी आणि कचेऱ्यांचा खर्च येथल्या करांतून वळता होई आणि त्या मानाने मोबदला परत येत नसे. या गळतीवर दादाभाईंनी बोट ठेवले.

हे राज्यकर्त्यांना त्यांच्याच घरात जाऊन सांगावे, म्हणून ते निवडणुकीला उभे राहिले. १८८६ मध्ये होबर्नला पडले. १८८८ मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी जाहीर सभेत त्या निवडणुकीचा उल्लेख करून सांगितले की, इंग्रज मतदार 'काळ्या माणसा'ला निवडून देतील असे आपल्याला वाटत नाही. १८९२ च्या जुलैमध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या मतदारांनी त्याचे उत्तर दिले. दादाभाई लिबरल पक्षातर्फे निवडून आले, अवघ्या ५ मतांनी! लोकांनी थट्टेने 'नवरोजी'चे 'नॅरो-मेजॉरिटी' करून टाकले. त्या वेळी ते ६६ वर्षांचे होते.

पार्लमेंटात ते तीनच वर्षे होते. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा विलायतेबरोबर हिंदुस्थानातही घ्यावी, असा ठराव १८९३ मध्ये कॉमन्सने ८४ विरुद्ध ७६ मतांनी संमत केला. सरकारने तो बासनात बांधून ठेवला. १८९५ मध्ये दादाभाई पडले. येथे अशी परीक्षा सुरू झाली १९२२ साली. दादाभाई १९१७ मध्येच वारले होते.

मग या खटाटोपात हाती काय लागले, असे कोणी विचारील. मला १८९७ मधले एक दृश्य डोळ्यांपुढे आणावेसे वाटते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणारे वेल्बी कमिशन लंडनमध्ये बसले आहे. सभासदांत दादाभाई आहेत आणि समोर साक्ष देण्यास पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले उभे आहेत. तेही न्यू इंग्लिश स्कूलमधले शिक्षक, आणि शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक तयार करणारे! साम्राज्याचा जमाखर्च तपासावयास दोन गणिताचे मास्तर बसले आहेत. हिशेब एका हातातून दुसऱ्या हातात गेला, हे काय थोडे झाले?

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो, तेव्हा गुरुजींना भेटलो. आता ऐंशीच्या पुढचे आहेत. दादाभाईंविषयी मी बरेच बोललो. मिळालेल्या सगळ्या मानांत 'प्राध्यापक' हीच पदवी त्यांना अधिक प्रिय होती, हेही जरा ऐटीतच सांगितले. गुरुजींनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "बापा, तू शिकलास त्याचा खर्च किती झाला, कधी मांडलास का?"

मी निरुत्तर झालो. शाळेत फी नव्हती, पुढे सरकारी शिष्यवृत्ती होती. शहरात परतल्यावर एका रात्री खरोखरच कागद घेऊन बसलो. गुरुजींचा पगार, शाळेची कौले, खडू, शिष्यवृत्तीची रक्कम. बेरीज होईना. कारण हा पैसा भरला होता काडेपेटीपासून कापडापर्यंत प्रत्येक वस्तूवरचा कर देणाऱ्यांनी. त्यांत आमच्याच गावची, कधी शाळेत न गेलेली माणसे होती. माझी आईही होती. आणि जमेच्या बाजूला मी काय लिहिणार? शहरात शिकवतो, पण त्याचा पगार दर महिन्याला घेतो.

परवा गुरुजींना फोन केला. सुट्टीत बीबीला येतो, गावातल्या मुलांना सकाळी दोन तास मराठी आणि गणित शिकवतो, असे सांगितले.

"किती दिवस?" त्यांनी विचारले.

"आठ दिवस, गुरुजी."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग गुरुजी म्हणाले, "पहिला हप्ता म्हणून ठीक हाये."