पाटी झाकून ऐका

हाय-रेझ गाणी सीडीपेक्षा सरस वाजतात, असं कुणी म्हटलं की माझ्यातला इंजिनियर लगेच ग्राफ काढून बसतो. पण ग्राफ ऐकू येत नाहीत ना राव! मग कानांनाच विचारायचं, फक्त नावाची पाटी झाकून.

मेयर आणि मोरान यांनी २००७ साली हेच छापलं. एकदा हाय-रेझ आवाज थेट, एकदा तोच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या गाळणीतून. पातळी मात्र सारखी, कारण किंचित मोठं वाजलेलं उगाच गोड लागतं. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरं बरोबर. म्हंजे छापा-काटाच की!

पण २०१६ मध्ये जोशुआ राइस यांनी १८ अभ्यासांची गोळाबेरीज केली, तेव्हा आकडा निघाला ५२.३ टक्के. फरक शून्य नाही, पण तिळाएवढा.

माझा एक मित्र या तिळासाठी दोन पगार घालायला निघालाय. "तुला ऐकू येत नाही" म्हणावं तर भांडण, आणि त्याचा आनंद काही खोटा नाही. म्हटलं, घे बाबा, पण आधी पाटी झाकून १६ वेळा ओळख. १२ बरोबर आली तर पार्टी माझ्याकडून. नुसत्या नशिबाने तेवढी येण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत आहे. नाही जमलं तर चांगले हेडफोन घे. तिथला फरक मोजताही येतो आणि ऐकूही येतो.

रविवारी बसतोय. बघू!