दीवच्या काचेतली खुकरी आणि तिच्या दोन बहिणी

दीव म्हटलं की ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं: नागोआ बीच, भाड्याची स्कूटर आणि गुजरातची हद्द संपल्या संपल्या मिळणारी थंडगार बीअर. ते सगळं कराच. पण एक संध्याकाळ चक्रतीर्थ बीचजवळच्या टेकाडासाठी राखून ठेवा. वर काचेच्या पेटीत एका युद्धनौकेचं मॉडेल आहे आणि समोर नुसता अरबी समुद्र.

ही आयएनएस खुकरी. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने तिला याच समुद्रात बुडवलं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. फोटो काढून आपण खाली उतरतो, आणि गोष्टीचा पुढचा भाग ऐकायचा राहूनच जातो.

त्या रात्री खुकरीसोबत तिची सख्खी बहीण होती, आयएनएस कृपाण. तिसरी बहीण कुठार बिघाडामुळे आधीच परतली होती. तिघीही ब्रिटनमध्ये बांधलेल्या, सुमारे ९४ मीटर लांबीच्या, खास पाणबुड्यांची शिकार करण्यासाठी बनवलेल्या. आणि शिकार झाली ती त्यांचीच! हल्ला कृपाणवरही झाला, पण ती निसटली. नंतर ‘कच्छल’सोबत ती परत आली. ६७ जण वाचले. मधल्या तासांत कृपाण तिथे थांबली का नाही, यावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली. पाणबुडी खाली टपून बसलेली असताना थांबणं म्हणजे दुसरं जहाजही घालवणं, असं मला वाटतं. अर्थात, एसीत बसून हे बोलणं सोपं आहे.

मग याच कृपाणला नवी नोकरी लागली. सत्तरच्या दशकात आपल्या किनाऱ्यावर सोनं, घड्याळं, ट्रान्झिस्टर असा चोरटा माल धडाधड उतरत होता. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल सापडलं, १९७६च्या कायद्याने २०० सागरी मैलांपर्यंतचा पट्टा आपल्या हक्काचा झाला. राखायचा कोणी? मूळचे आपल्या कामठीचे के. एफ. रुस्तमजी यांच्या समितीने वेगळं दल सुचवलं. १९ ऑगस्ट १९७८ला पंतप्रधान मोरारजी देसाईंच्या हस्ते मुंबईत तटरक्षक दलाचं रीतसर उद्घाटन झालं. संसार मांडला तो नौदलाच्या जुन्या भांड्यांवर. सात नौका, त्यातल्या मोठ्या दोनच: कृपाण आणि कुठार.

खरं तर हे काम त्यांचं नव्हतंच. तस्करांच्या लाँचमागे वाफेवर चालणारी फ्रिगेट धाडणं म्हणजे रिक्षा पकडायला ट्रक पाठवणं. पण या दलाच्या कामात आणखी एक गोष्ट येते, समुद्रात अडकलेल्यांना शोधून काढायची. १९७१ची ती रात्र पाहिलेल्या कृपाणच्या वाट्याला नेमकं हेच काम यावं! खास या दलासाठी बांधलेली मोठी गस्ती नौका ‘विक्रम’ १९८३ मध्ये माझगाव डॉकमधून बाहेर पडली, तोवर हा गाडा जुन्या जहाजांनीच ओढला.

नावं मात्र पुढे चालली. नंतरची कृपाण २०२३ मध्ये व्हिएतनामला भेट गेली. नंतरची खुकरी निवृत्त झाल्यावर जानेवारी २०२२ मध्ये दीव प्रशासनाकडे आली. पण जुन्या कृपाणचा आणि कुठारचा चेहरा बघायचा असेल, तर टेकाडावरचं काचेतलं मॉडेलच बघा. तिघी अगदी एकसारख्या होत्या.