उरलेला सूर

गवयाने रंगभूमीचा निरोप केव्हा घ्यावा, ह्या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ वाद झालेला आहे. बालगंधर्व साठी उलटल्यावरही लुगडे नेसून उभे राहात, तेव्हा त्यांच्या कित्येक चाहत्यांना ते पाहवत नसे. आणि कित्येकांना ते पाहिल्यावाचून राहवत नसे. दोन्ही पक्षांत माझे स्नेही आहेत. परंतु १९ डिसेंबर २०२४ रोजी लंडनमध्ये पॉल मॅकार्टनीचे गाणे ऐकल्यापासून दुसऱ्या पक्षाची वकिली करावी असे मला वाटू लागले आहे.

लंडनमध्ये नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने तिकिटे काढली होती. थेम्सच्या काठी ओटू नावाचे घुमटाखालचे सभागृह आहे. तेथे सुमारे वीस हजार माणसे बसतात. १९४२ साली लिव्हरपूल येथे जन्मलेला, बीटल्स ह्या चौकडीतला हा गायक त्या रात्री ८२ वर्षांचा होता. आवाज उतरला आहे, हे पहिल्या दोन-तीन गीतांतच कळून आले. पूर्वी ज्या स्वरावर तो सहज झेप घेई, तेथे आता जिना चढावा तसा एकेक पायरी चढत जातो.

त्याच रात्री त्याने आपले जुने, व्हायोलिनच्या घाटाचे बेस गिटार वाजविले. १९६१ साली हॅम्बुर्ग येथे घेतलेले हे वाद्य १९७२ साली चोरीस गेले होते. पन्नासाहून अधिक वर्षांनी ते धन्याच्या हाती परत आले. लाकूड दुरुस्त करून घेता येते. कंठाची तशी सोय नाही. मग ह्या माणसाने अजून का गावे?

ह्याचे उत्तर मला कार्यक्रमाच्या उत्तरार्धात मिळाले. ३० जानेवारी १९६९ रोजी बीटल्स लंडनमधील आपल्या कचेरीच्या गच्चीवर गायले होते. त्या वेळच्या चित्रफितीतला जॉन लेननचा आवाज आता यंत्राच्या साह्याने वेगळा काढलेला आहे. ‘आय हॅव गॉट अ फीलिंग’ हे गीत मुळात दोन अपुऱ्या गीतांचा सांधा आहे. एक मॅकार्टनीचे, एक लेननचे. शेवटी दोघे आपापले गीत एकाच वेळी गातात. मॅकार्टनी आपले गीत गाऊ लागला, आणि लेननची पाळी येताच पडद्यावरून लेनन गाऊ लागला. लेनन मॅकार्टनीहून दोन वर्षांनी वडील. १९८० साली त्याची हत्या झाली. पडद्यावर तो अठ्ठावीस वर्षांचा होता. वडील असलेला आता चोपन्न वर्षांनी धाकटा झाला होता.

हा हिशेब माझ्या परिचयाचा आहे. माझा थोरला बंधू एकतिसाव्या वर्षी गेला. आज मी त्याच्याहून बराच वडील आहे. पुण्याच्या आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात तो हीच ध्वनिफीत लावी आणि म्हणे, “तू पॉलचे म्हण, जॉनचे माझ्याकडे.” आमचा गोंगाट चालू झाला की आई स्वयंपाकघराचे दार लोटून घेई. दादा गेल्यावर मी हे गीत ऐकले पुष्कळदा, म्हटले मात्र कधीच नाही. अर्धे गाणे म्हणून काय करावयाचे?

मॅकार्टनी नेमके अर्धेच म्हणत होता. लेननच्या ओळींना त्याने हात लावला नाही. परंतु त्याने आपला थकलेला अर्धा भाग गायला, म्हणूनच दुसऱ्या अर्ध्याला उभे राहावयास जागा मिळाली. तो गप्प बसता, तर त्याच्याबरोबर जॉनही गप्प झाला असता. उतारवयातले गाणे नेहमी कीर्तीच्या लोभानेच चालते असे नाही. कित्येकदा गवई कोणाची तरी जागा राखून उभा असतो. ह्या जागेचे मोल आवाजाच्या तयारीवर ठरत नाही.

परतताना आगगाडीत मुलीने विचारले, “बाबा, मोठ्या काकांच्या ओळी कोणत्या?” तिने त्यांना पाहिलेले नाही. डबा माणसांनी भरलेला होता. मी हळू आवाजात प्रथम माझ्या ओळी म्हटल्या, मग त्याच्या. तिने त्याच्या उचलल्या.