दोन पिना

केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला आमचं गॅरेज आहे. ट्रॅक्टर, पिकअप, कधीमधी रिक्षा. गोल्फ कार्ट पहिल्यांदा आली ती मागच्या डिसेंबरमध्ये, तीही टेम्पोत बसून.

चासच्या पुढे आत एका काकांच्या शेतावर हुरडा पार्टी असते. गाड्या लावायची जागा ते आगटी हे अंतर म्हाताऱ्या माणसांना झेपत नाही, म्हणून त्यांनी पुण्यातून ही जुनी कार्ट घेतली होती. काका म्हणाले, "स्टिअरिंग जरा हलतंय. नट आवळून द्या, रविवारी गर्दी आहे."

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "बघ गं, काय हलतंय ते."

मी डिप्लोमा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रॅक-पिनियनची आकृती मला झोपेत काढता येते. स्टिअरिंग फिरवलं की खालचा पिनियन फिरतो, तो दात्यांच्या रॅकला डावी-उजवीकडे सरकवतो, रॅकच्या दोन्ही टोकांचे टाय रॉड चाकांना ढकलतात किंवा ओढतात. कागदावर इतकंच. कार्टमध्ये मात्र स्टिअरिंग बोटभर फिरलं तरी चाक जागचं हलत नव्हतं. हा प्ले. थोडा प्ले प्रत्येक गाडीत असतो, पण हा फार होता, आणि तो नेमका कुठून येतोय हे आकृती सांगत नाही.

पप्पांची पद्धत साधी. एकाने वर बसून स्टिअरिंग थोडं थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली झोपून एकेका जोडावर हात ठेवायचा. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे रोग. मग चाक जॅकवर घ्यायचं. वर-खाली धरून हलवलं आणि चाक डुललं तर किंगपिनचा बुश किंवा बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवलं आणि खडखडलं तर बहुतेक टाय रॉड एंड.

आमच्याकडे दोन्ही निघालं. दोन्ही बाजूंच्या टाय रॉड एंडची रबरी टोपी फाटली होती. आत आपल्याकडची धूळ गेली की ग्रीस ग्रीस राहत नाही, पॉलिश पेपरसारखं काम करतं. आतला बॉल झिजतो. ही गाडी मुळात हिरवळीवर चालायला बनवलेली, चाकं एवढीशी. शेतरस्त्याचा जो खड्डा पिकअपला कळतही नाही, तो हिच्या सांध्यांना पूर्ण बसतो.

"नट आवळून भागणार नाही," पप्पा काकांना फोनवर म्हणाले. काका कुरकुरले. पप्पा म्हणाले, "हिला दार नाही, बेल्ट नाही आणि बसणार म्हाताऱ्या बाया." विषय संपला.

टाय रॉड एंड नगरात मिळेनात. पुण्याहून ट्रॅव्हल्सने पार्सल मागवलं. किंगपिनचा बुश खरादीकडून गनमेटलचा करून घेतला. पप्पांनी पहिली गाडी उघडली ती लुना. १९७२ साली किनेटिकने आणलेली ही मोपेड नगरच्या कारखान्यात बनायची, त्यामुळे गल्लीत तिचे पार्ट साखर-चहासारखे मिळत, असं ते सांगतात. हल्ली पुण्याची किनेटिक ग्रीन गोल्फ कार्टही बनवते, हे मी मोबाईलवर दाखवलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "पार्ट कुठं मिळतात ते लिहिलंय का त्यात?"

शनिवारी दुपारी पार्सल आलं. टाय रॉड एंड बदलणं तसं अवघड नाही, पण त्यात चुकायच्या जागा बऱ्याच आहेत. जुना काढताना त्याचे आटे मोजायचे आणि नवा तितकाच आत घ्यायचा, म्हणजे चाकाची दिशा फार बिघडत नाही. निमुळती पिन अडकून बसली असेल तर आट्यांवर हातोडा मारायचा नाही, ती ज्या डोळ्यात बसली आहे त्याच्या बाजूवर मारायचा. नवा बसवला की कॅसल नट आवळायचा. त्याची खाच पिनच्या भोकासमोर येत नसेल तर नट ढिला करायचा नाही, आणखी थोडा आवळायचा. मग भोकातून स्प्लिट पिन घालून तिची टोकं वळवायची. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही.

पप्पांनी डब्यातून दोन पिना काढून ऑईलच्या कॅनच्या झाकणात ठेवल्या आणि ते एका ट्रॅक्टरसाठी बाहेर गेले.

उजवी बाजू झाली. डावीचा नट आवळला आणि लाईट गेली. मोबाईलचा टॉर्च लावला, तेवढ्यात काकांचा फोन, टेम्पो निघालाय म्हणून. घाईघाईत चाक चढवलं. टेपने टायरमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं, पुढचं किंचित कमी ठेवलं, लॉकनट आवळले. चक्कर मारली. स्टिअरिंग लोण्यासारखं. काकांनी मला शंभर रुपये वर दिले.

रविवारी सकाळी पप्पा झाडत होते. झाकण उचलून म्हणाले, "ही कशाची?"

एक पिन.

मला त्याच क्षणी कळलं. काळोखातला डावा नट डोळ्यासमोर आला. आणि तरी मी म्हणाले, "जादाची असेल."

"मी दोनच काढल्या होत्या."

पुढे ते काही बोलले नाहीत. काकांना फोन लावला, उचलला नाही. परत लावला. मग त्यांनी पक्कड खिशात घातली आणि स्प्लेंडर काढली. मी जॅक मांडीवर धरून मागे बसले.

रस्ताभर मी मनात हिशोब करत होते. निमुळती पिन घट्ट बसते, नट लगेच सुटत नाही. पण हादऱ्यांनी नट थोडा थोडा फिरतो, एखाद्या खड्ड्यात पिन डोळ्यातून उसळते आणि मग एक चाक स्टिअरिंगचं ऐकतं, दुसरं ऐकत नाही. त्या शेताच्या रस्त्याला कडेने विहीर आहे, हे मला टेम्पोवाल्याने सांगितलं होतं.

आम्ही पोचलो तेव्हा कार्ट समोरूनच येत होती. मागच्या सीटवर दोन आजी, मध्ये एक पोरगं, हातात कणीस. पप्पांनी गाडी आडवी घातली.

काका धावत आले. लोकांसमोर हे काय, म्हणून चिडले. पप्पा म्हणाले, "आमच्याकडून एक पिन राहिली. दहा मिनिटं द्या." आमच्याकडून.

मी मातीत झोपले. नट कालच्या जागेवरच होता. तसूभरही फिरला नव्हता. पिन घातली, टोकं वळवली. पप्पांनी वाकून स्वतः बोट लावून पाहिली. तोवर एक आजी मला म्हणाली, "पोरी, कपडे मळले की गं," आणि तिने मूठभर गरम हुरडा माझ्या हातावर ठेवला. माझे हात काळे होते. मी तसाच खाल्ला.

परत येताना पप्पा एकदाच बोलले. "नट हलला नव्हता ना?"

"नाही."

"वाईट झालं. हलला असता तर तुझ्या लक्षात राहिलं असतं."

आता मी चाक चढवण्याआधी प्रत्येक पिनचा फोटो काढते. माझ्या गॅलरीत मैत्रिणींच्या सेल्फींमध्ये वळवलेल्या स्प्लिट पिना आहेत. मैत्रिणी हसतात. पिन विसरण्यावर हा उपाय चांगला आहे. विसरणं कुणाकडूनही होतं.

पण "जादाची असेल" हे मी विसरून म्हणाले नव्हते. ते मला ठाऊक आहे, आणि मला वाटतं, पप्पांनाही. त्याचा फोटो कसा काढायचा ते अजून कळलेलं नाही.