ब्लॉसम नावाची गाय

ब्लॉसम ही इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली गावच्या परिसरातली दुभती गाय. तिच्या नावाचा अर्थ फळझाडांचा मोहोर. इंग्लंडच्या खेड्यांत दुभत्या गाईला फुलाचे नाव देण्याची रीत जुनी आहे. डेझी, बटरकप, प्रिमरोझ ही सगळी तिथली रानफुले. महाराष्ट्रातल्या गोठ्यात शेवंती किंवा चंपा असावी तसेच हे. असे लाडाचे नाव बहुधा गाईलाच मिळते, गोऱ्ह्याच्या वाट्याला ते क्वचित येते. गाय वर्षानुवर्षे दावणीला असते आणि धार काढायला बसणाऱ्याला तिला रोज चुचकारावे लागते. त्यासाठी तोंडात सहज बसणारे, दोन-तीन अक्षरी नाव बरे.

ब्लॉसम ग्लॉस्टर जातीची. या गाई काळपट तांबड्या रंगाच्या असतात. पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा जातो आणि पोटही पांढरे असते. यांचे दूध चीजसाठी नावाजलेले. परगणा सफरचंदांच्या आणि नासपतींच्या बागांचा. वसंतात तिथल्या काळ्या फांद्या पांढऱ्या मोहोराने भरलेल्या ज्याने पाहिल्या, त्याला अशा गाईसाठी हे नाव सुचणे साहजिकच. तिला डेझीपेक्षा ते जास्त शोभते.

१७९६ च्या मे महिन्यात ब्लॉसमच्या सडांवर गोस्तनदेवीचे, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीसारख्या सौम्य रोगाचे, फोड आले. तिची धार काढणाऱ्या सारा नेल्म्सच्या हाताला काट्याचा ओरखडा होता; तिथेच लागण झाली. देवीपासून बचाव होतो का हे पाहण्यासाठी १४ मे रोजी डॉ. एडवर्ड जेनरने तिच्या हातावरच्या फोडातली लस आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडात टोचली. १ जुलैला त्याला खऱ्या देवीच्या फोडातली लस टोचली, तरी देवी आल्या नाहीत. १७९८ साली जेनरने या प्रयोगांवर पुस्तक छापले. त्यात साराचे नाव आहे, गाईचे नाही. ब्लॉसम हे नाव टिकले ते लोकांच्या तोंडी. जून १८०२ मध्ये गोस्तनदेवीची लस मुंबईला पोचली आणि तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचली गेली.

ब्लॉसमचे म्हणून ओळखले जाणारे कातडे लंडनच्या टूटिंग भागात, सिटी सेंट जॉर्जेस विद्यापीठाच्या ग्रंथालयात टांगलेले आहे. सेंट जॉर्जेस रुग्णालयातच जेनर शिकला होता. शिंगांचा मामला मात्र जरा गमतीचा. तिची म्हणून ठिकठिकाणी जपलेली शिंगे एकत्र केली, तर ती एका गाईच्या डोक्यावर मावायची नाहीत.