मंडळीच्या यादीत नाव

यजमानांची रेल्वेत नांदगावला बदली झाली, तेव्हा सामानाच्या ट्रकात न टाकता पर्समध्ये जपून आणलेलं एक पाकीट होतं. नगरच्या आमच्या पाळकसाहेबांनी दिलेला सभासदत्वाचा दाखला. या बाईंचा बाप्तिस्मा व दृढीकरण झालं असून त्या प्रभुभोजन घेणाऱ्या सभासद आहेत, त्यांना आपल्या मंडळीत सामील करून घ्यावं. एवढाच मजकूर, खाली सही-शिक्का. "देवाकडेही एनओसी लागते काय?" यजमान हसले.

लागते. इथल्या पाळकांनी दाखला पाळक समितीपुढे ठेवला आणि पुढच्या रविवारी उपासनेत मला समोर बोलावलं. उपासनेला नियमित येणार का, आपल्या ऐपतीप्रमाणे देणार का, मंडळीच्या कामाला हातभार लावणार का? दृढीकरणात बिशपांनी डोक्यावर हात ठेवला तेव्हा मी शाळकरी होते. उत्तरं पाठ होती आणि लक्ष नव्या फ्रॉककडे होतं. आता चाळिशीत "होय, देवाच्या साहाय्यानं" म्हणताना आवाज जरा खालीच आला. मग पाळकांनी बाकांकडे वळून मंडळीला विचारलं, तुम्ही या बहिणीला सांभाळून घेणार का? त्यांनीही होकार दिला. नगरला आमच्या पिढ्या गेल्या, तिथे हे कुणी कुणाला विचारायची वेळच आली नव्हती.

माझं माहेर अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं. नगरला ते 1831 पासून. इथे नाशिककडे चर्च मिशनरी सोसायटीची इंग्रजी, बिशपांची धाटणी. आजीच्या लेखी बिशप म्हणजे 'साहेबांचं खूळ'. पण 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात अशाच सहा वेगवेगळ्या परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा मानणारे आहेत, तसे जाणत्या वयातलाच मानणारेही आहेत.

नाव यादीत चढलं आणि कामं अंगावर आली. पहिलं काम अर्पण मोजण्याचं. उपासना संपली की आतल्या खोलीत दोघांनी बसायचं, थैली टेबलावर उलटी करायची, नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, पाकिटावरची नावं वहीत, शेवटी दोघांच्या सह्या. महिन्याच्या पहिल्या रविवारी वेळ लागतो, कारण रेल्वेच्या पेन्शनरांची पाकिटं तेव्हा येतात. दुकानदार घेत नाहीत ती दहाची नाणी मात्र बारमाही येतात.

हंगामाच्या सणाची मजा वेगळी. तालुका दुष्काळी, टँकरची वाट पाहणारा; तरी त्या दिवशी वेदीपुढे बाजरी, कांदे, दुधी, पाय बांधलेली गावठी कोंबडी असा ढीग लागतो. उपासनेनंतर लिलाव. एकानं अंडं बोलीत घ्यायचं, पैसे भरायचे आणि "परत बोला" म्हणून तिथेच ठेवायचं. असं फिरता फिरता एका अंड्यानं कोंबडीपेक्षा जास्त पैसे आणलेले मी पाहिलेत.

मयतीचा फोन पहाटेसुद्धा येतो. तरुण पोरं मुरमाड जमिनीत पहारीनं कबर खणायला जातात, आम्ही बायका त्या घरी चूल सांभाळतो. मेलेला माणूस वर्षानुवर्षं उपासनेला फिरकला होता की नाही, हे त्या वेळी कुणी काढत नाही. काढू नयेच.

वर्गणीचं मात्र काढतात. थकली की वार्षिक सभेत मत नाही, असा आमच्याकडे नियम. मला तो पटत नाही. पेन्शनर वर्षाची एकरकमी भरू शकतो. कांद्याच्या खळ्यावर रोजानं जाणाऱ्या बाईनं कुठून भरायची? तिनं मोजून दिलेले कष्ट कुठल्या वहीत चढतात? सभेत मी उठून हे बोलले, नियम बदलायचा ठराव मांडला. पुढच्या बाकांवर खोकले, मागून कुणीतरी "बाहेरून आलेल्यांनी..." असं सुरू केलं. पाळकांनी त्याला तिथेच थांबवलं, "त्या इथल्याच सभासद आहेत." हात वर झाले, ठराव पडला.

विरोधात हात वर केलेले एक निवृत्त गार्ड आजोबा बाहेर भेटले. म्हणाले, "बाई, तोंडी मांडलेलं टिकत नाही. लेखी द्या, अनुमोदकाची सही घ्या, आणि सभेच्या आधी द्या." मी म्हटलं, "मग अनुमोदक तुम्हीच व्हा." ते विचार करतायत.