वत्सगुल्मातले सर

वाशीमला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी माझी राहण्याची सोय झाली होती. मी रत्नागिरीची, वऱ्हाड माझ्यासाठी परमुलूखच. सर माझ्याशी अगदी पुस्तकी मराठीत बोलत: ‘आपण चहा घेणार ना?’ आत बायकोशी, म्हणजे मावशींशी, मात्र खणखणीत वऱ्हाडी चालायची. मी बैठकीत आले की ती थांबे. माझा मान राखला जात होता, पण त्या मानामुळेच मी पाहुणीची पाहुणीच राहत होते.

बालाजीच्या देवळातही तेच. भोसल्यांच्या काळात भवानी काळूंनी बांधलेलं हे देऊळ सरांनी मला वर्गात धडा शिकवावा तसं दाखवलं.

घरी आल्यावर त्यांनी कपाटातून मिराशींचं ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ काढलं आणि तिथून माणूसच बदलला. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव. अजिंठ्याचं 16 क्रमांकाचं लेणं त्यानं कोरवून घेतलं. आणि राजशेखरानं ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही वत्सगुल्मातच. हे सांगताना सर खुर्चीच्या कडेला आले. ‘साहित्याचं लगन आपल्या गावात लागलं, पाह्य!’

बोलून गेल्यावर ते थोडे संकोचले. मग पुस्तकातलं ताम्रपटाचं पान उघडलं. दुसऱ्या विंध्यशक्तीचा हा ताम्रपट 1939 साली वाशीमलाच सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा सगळा व्यवहार प्राकृतात. मी म्हटलं, ‘सर, तुमच्याही घरात असंच चालतं. माझ्याशी प्राकृतात बोला ना.’

ते मोकळेपणी हसले. आत हाक दिली, ‘अवं, हे पोरगी काय म्हणते पाह्य!’

रात्री स्वयंपाकघरातच पाट मांडले. तुरीच्या सोल्यांची झणझणीत आमटी, ज्वारीची भाकर, ठेचा. मावशी म्हणाल्या, ‘एवढंच काऊन घेतलं? घे नं अजून.’ सर रिसोड रस्त्यावरच्या आपल्या वावराबद्दल बोलले, यंदा सोयाबीन कसं पावसात भिजलं ते बोलले. घरातले शाळेत गेलेले ते पहिलेच. वडील गडी म्हणून राबले. मग घास हातात तसाच धरून म्हणाले, ‘पोराइले मी वर्गात असं बोलू देत नव्हतो. टोकायचो. आता वाटते, काऊन टोकत होतो?’

मावशींनी काही न बोलता त्यांच्या ताटात भाकर वाढली. मला त्या वेळी या माणसाबद्दल फार माया वाटली. वाकाटकांचा एवढा अभिमान बाळगणाऱ्यानं आपल्याच घरची बोली वर्गभर पोरांपुढे लपवली होती, आणि ते तो एका परक्या मुलीला सांगत होता. त्यानंतर ‘सर’ तोंडात येईना. ‘काका’च म्हणू लागले.

निघताना काका स्टेशनवर माझ्याशी भांडलेच. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी, बंजारा समाजाची काशी, माझ्याकडून राहून गेलं होतं. ‘अशी घाईनं येत असतात का पोरी? आता येशील तं आठ दिवस काढून ये.’